“बाई, अधिक करू की वजा?”

दुसरी-तिसरीच्या वर्गात शाब्दिक उदाहरणं सुरू झाली की हा प्रश्न ठरलेलाच. घरी अभ्यासाला बसवलं तर तोच प्रश्न आईला, नाहीतर आजोबांना. मूल उदाहरणावरून नजर फिरवतं, दोन संख्या उचलतं आणि आपल्या तोंडाकडे बघत बसतं. आपण “वजा” म्हणायचा अवकाश, पुढचं सगळं ते बिनचूक करतं. उभी मांडणी, हातचा, खाली रेघ, उत्तर. वहीत बरोबरची खूण मिळते आणि सगळे खूश होतात. पण काय घडलंय हे समजून घेऊन काय करायचं ते ठरवणं, एवढंच तर त्या उदाहरणातलं खरं गणित होतं. ते आपण करून टाकलेलं असतं. मुलाच्या वाट्याला उरते ती नुसती आकडेमोड.

आकडेमोडही सोपी नाही, हे मान्य. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी हातच्याची दोन अंकी वजाबाकी जमणारी मुलं ३३.७ टक्के होती. या मुलांसमोर वजाबाकी तयार मांडलेली होती. कुठे वजाबाकी करायची हे त्यांना ठरवायचं नव्हतं. म्हणून बहुतेक घरांत आणि शाळांत जोर दिला जातो तो आणखी वजाबाक्या, आणखी पाढे यांच्यावर. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. उदाहरण सोडवणं हे आकडेमोडीच्या पुढचं पाऊल नाही. ते पहिल्या दिवसापासून आकडेमोडीच्या बरोबरीनं चालायला हवं, आणि त्यासाठी सुरुवातीला आकडे बाजूला ठेवावे लागतात.

फ्रान्समध्ये ग्रनोब्ल इथल्या गणित-शिक्षण संशोधन संस्थेनं १९७०चं दशक संपता संपता लहान मुलांना एक प्रश्न घातला होता. एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? सात ते नऊ वर्षांच्या ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेल्या आकड्यांची काहीतरी खटपट करून वय काढून दिलं. हसू येतं, पण ही मुलं बावळट नव्हती. शाळेतल्या उदाहरणांचे अलिखित नियम त्यांना पाठ झाले होते. प्रत्येक उदाहरणाला उत्तर असतंच, दिलेली प्रत्येक संख्या वापरायचीच, आणि “हा प्रश्न चुकीचा आहे” असं मोठ्यांना सांगायचं नसतं. आपल्याकडे यात आणखी एक नियम असतो: वजाबाकीच्या धड्याखाली आलेलं उदाहरण वजाबाकीचंच. धड्याचं नाव वाचलं की उदाहरण वाचायची गरजच उरत नाही.

हाच प्रश्न मेंढ्यांच्या जागी कोंबड्या घालून आपल्या मुलाला विचारून बघा. “पण वय कसं कळणार?” असं मूल म्हणालं तर निर्धास्त राहा. त्यानं बेरीज केली तर रागावू नका. कुठून सुरुवात करायची ते तुम्हाला कळलं.

आधी एका सवयीचा बंदोबस्त करायला हवा. गाइडांमध्ये, शिकवण्यांमध्ये आणि कधीकधी वर्गातल्या भिंतीवरच्या तक्त्यावरही खुणेचे शब्द दिलेले असतात. ‘एकूण’, ‘मिळून’, ‘जास्त’ आलं की बेरीज. ‘उरले’, ‘दिले’, ‘कमी’ आलं की वजाबाकी. पहिलीत हे धकून जातं, म्हणूनच ते फसवं आहे. दुसरी-तिसरीत ते तोंडघशी पाडतं. हे बघा:

अन्वरकडे काही बोरं होती. त्यानं ५ बोरं ताईला दिली. आता त्याच्याकडे ८ बोरं उरली. आधी त्याच्याकडे किती बोरं होती?

‘दिली’ही आहे आणि ‘उरली’ही आहे. तक्ता पाठ असलेलं मूल डोळे झाकून ८ मधून ५ वजा करणार आणि ३ लिहिणार. शेंगदाणे सोलत बसलेल्या आजीनं नातीच्या वहीत असं ३ लिहिलेलं पाहिलं, तर काय बोलणं व्हावं?

“सई, आकडे राहू देत. काय झालं ते सांग बघू मला.”

“त्याच्याकडे बोरं होती. त्यानं ताईला दिली थोडी. मग थोडी राहिली.”

“मग आधी जास्त होती, का आता जास्त आहेत?”

“आधी!”

“कशावरून?”

“दिली ना त्यानं, आजी!”

“बरं. आता किती आहेत म्हणालीस?”

“आठ.”

“आणि आधी?”

सई वहीकडे बघते. तिथं ३ आहे. “अगं, आधी तीन कशी असतील?” हे वाक्य तिच्या तोंडून आलं पाहिजे, आजीच्या नाही. मग आठ शेंगदाणे एका बाजूला, ताईचे पाच दुसऱ्या बाजूला. ताईकडचे परत आणून आठांत मिसळायचे आणि मोजायचे. तेरा. आता वहीत ☐ − ५ = ८ असं लिहायला हरकत नाही, कारण गोष्ट घडली तशीच आहे. त्याखाली ८ + ५ = १३. गोष्ट वजाबाकीची आणि उत्तर काढायला बेरीज, हे त्या वयाला जरा चमत्कारिक वाटतं. वाटू द्या.

आजीनं इथं ‘चूक’ हा शब्द वापरला नाही, कोणती क्रिया करायची तेही सांगितलं नाही. तिनं दोनच गोष्टी विचारल्या: काय झालं, आणि आधी जास्त की आता जास्त. घरी एवढे दोन प्रश्न वापरायला लागलात तरी निम्मं काम होतं.

यापुढे जाऊन मी असं सुचवेन की आठवड्यातून एखाददोन वेळा बिनआकड्यांचीच गोष्ट सांगा. “एका टोपलीत पेरू होते. सकाळी थोडे विकले गेले. दुपारी मामांनी बागेतून आणखी आणून टाकले. संध्याकाळी टोपलीत सकाळपेक्षा जास्त पेरू असतील का कमी?” मूल म्हणेल, “मामांनी किती आणले त्याच्यावर आहे.” हे उत्तर आलं की समजा, गणित सुरू झालं. आकडे नंतर घाला, आणि तेही मुलालाच घालू द्या.

वस्तू मांडून उदाहरण सोडवणं हे ‘कच्च्या’ मुलांसाठी असतं, असा एक गैरसमज मोठ्या माणसांत आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात टॉमस कार्पेंटर आणि एलिझाबेथ फेनेमा यांनी वर्षानुवर्षं लहान मुलं उदाहरणं कशी सोडवतात ते जवळून पाहिलं. त्यांच्या गटाचा १९९३ सालचा एक अभ्यास बालवाडीच्या वयाच्या मुलांवरचा आहे. ज्यांनी गुणाकार-भागाकाराचं नावही ऐकलेलं नाही अशी मुलं गुणाकार-भागाकाराची उदाहरणं वस्तू मांडून, वाटून, गट करून सोडवत होती. गोष्ट जशी घडते तशी मांडली की उत्तर समोर दिसतंच, मग मोजायचं फक्त. आपण मोठी माणसं मात्र वस्तू फार लवकर काढून घेतो. “आता बोटं मोजायची नाहीत, तू तिसरीत आहेस” हे वाक्य घराघरात ऐकू येतं. बोटं मोजू द्या. चिंचोके, राजमा, बांगड्या, बाटल्यांची झाकणं, जे हाताशी असेल ते चालेल. वस्तूंची गरज संपली की मूल आपणहून त्या बाजूला सारतं, कारण मांडामांड करण्याचा त्यालाच कंटाळा येतो.

वस्तूंनंतर चित्र. इथं चित्रकलेचा तास नको. बोर म्हणजे गोल, माणूस म्हणजे उभी रेघ. काही मुलं अन्वरला शर्ट आणि शर्टाला बटणं काढत बसतात. त्यांना एकदाच सांगा की आपल्याला फक्त बोरं मोजायची आहेत. तिसरीच्या आसपास गोलांच्या जागी एक लांबट पट्टी काढायला शिकवता येते. सिंगापूरच्या पाठ्यपुस्तकांनी १९८०च्या दशकात ही पट्ट्यांची पद्धत रुजवली आणि तिचा सगळ्यात मोठा उपयोग होतो तो तुलनेच्या उदाहरणांत.

तुलनेची उदाहरणं जरा सावकाश घ्या, कारण मुलांची सगळ्यात मोठी पडझड इथंच होते. ‘मीनाकडे १२ गोट्या आहेत. तिच्याकडे राजूपेक्षा ४ गोट्या जास्त आहेत. राजूकडे किती?’ ‘जास्त’ दिसलं की १६. पण अडचण फक्त त्या शब्दाची नाही. ‘४ गोट्या जास्त’ या चार गोट्या मुलाला दिसतच नाहीत. १२ गोट्या दिसतात, त्या मीनाच्या. राजूच्या गोट्या कळत नसल्या तरी त्या कुठेतरी आहेत. पण ‘जास्तीच्या ४’ या कुणाच्या? यासाठी गोट्या समोरासमोर मांडा. मीनाच्या बारा एका ओळीत. त्यांच्या खाली एकेक करून राजूच्या लावत जा आणि विचारा, “किती गोट्यांना जोडीदार मिळायला नको?” चार उघड्या राहिल्या पाहिजेत. खाली आठ येतात. मग गोट्या काढा आणि दोन पट्ट्या काढा, वरची लांब, खालची आखूड, बाहेर उरलेल्या तुकड्यावर ४ लिहा. ही पट्टी एकदा डोळ्यांत बसली की ‘जास्त’, ‘कमी’, ‘फरक’, ‘अजून किती हवेत’ हे सगळे प्रश्न त्याच चित्रावर सुटतात.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांना हीच वाक्यं ‘फोर मोअर दॅन’ अशी येतात आणि घरी मराठी बोलणारं मूल तिथं दुहेरी अडकतं. त्याला गोष्ट मराठीत सांगा, उत्तर इंग्रजीत लिहू दे. मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या किंवा नंदुरबारकडच्या पावरी बोलणाऱ्या मुलासाठी हीच अडचण प्रमाण मराठीची असते. तिथल्या शिक्षकांनी उदाहरण मुलांच्या बोलीत सांगितलं, किंवा वर्गातल्या दुसऱ्या मुलाकडून सांगून घेतलं, तर गणिताचं काहीही बिघडत नाही. ज्याला अजून नीट वाचता येत नाही त्याला उदाहरण वाचून दाखवायचं. वाचनाची परीक्षा वेगळी, गणिताची वेगळी.

भाषेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. ‘सदतीस’ ऐकून ७३ लिहिणारं मूल आपण सगळ्यांनी पाहिलंय. मराठीत आधी सात ऐकू येतात आणि मग तीस. लिहिताना मात्र तीन आधी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सदतीस’च्या जोडीला ‘तीस सात’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची कारणं पुन्हा पुन्हा समजावून सांगितली: जोडाक्षरं, उलटा क्रम, आणि त्यामुळे लहान वयातच बसणारी गणिताची धास्ती. विनोद मात्र भरपूर झाले. मला विचाराल तर समितीचं म्हणणं पटण्यासारखं होतं. निदान घरी तरी “तीस आणि सात, सदतीस” असं जोडीनं म्हणायला काय हरकत आहे? दशक-एककाची समज त्यातून आपोआप पक्की होते आणि परंपरेचं नावही टिकतं.

आता पैशांकडे येऊ, कारण लहान मुलांसाठी यासारखं साधन नाही. ३७ रुपयांची भाजी घेतली आणि ५० ची नोट दिली. भाजीवाली मावशी उभी वजाबाकी मांडत नाही. ती हातावर नाणी ठेवत म्हणते, “अडतीस, एकोणचाळीस, चाळीस… आणि हे दहा, पन्नास.” तेरा रुपये परत आले. ही वजाबाकीच आहे, पण वर चढत जाणारी. ५२ − ४८ सारख्या उदाहरणात तर हीच रीत शहाणपणाची. ४८ पासून ५२ पर्यंत चार पावलं. तिथं हातचा घेऊन बसणं म्हणजे कुलूप नसलेल्या दारासाठी किल्ली शोधणं. शाळेत शंभर मण्यांची, दहा-दहा मण्यांनी रंग बदलणारी गणितमाळ असेल तर ती चार पावलं मण्यांवर टाकून दाखवा. घरी दोन रंगांचे मणी दोऱ्यात ओवून ती तासाभरात होते.

ब्राझीलमधल्या रेसिफी शहरात १९८०च्या दशकात संशोधकांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांची गणितं तपासली होती. बारा वर्षांच्या एका मुलाला विचारलं, ३५ चा एक नारळ, तर दहा नारळांचे किती? तो तीन नारळांचे १०५, आणखी तीन म्हणजे २१०, असं करत ३५० वर पोचला. शून्य जोडण्याची युक्ती त्याच्या लेखी नव्हतीच. अशाच मुलांना तशीच गणितं कागदावर दिली की ती पुष्कळ जास्त चुकत. आपल्याकडे कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा असाच एक मोठा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही बाजारातला हिशेब तोंडी चटकन करणारी मुलं पुस्तकी मांडणीत अडखळली, आणि शाळेत शिकणाऱ्या, पण बाजारात काम न करणाऱ्या मुलांना व्यवहारातला हिशेब जड गेला. म्हणजे एक आलं की दुसरं आपोआप येत नाही. दोन्हींची गाठ कुणीतरी मुद्दाम घालून द्यावी लागते.

अलीकडे मोबाइलवरून पैसे देण्यामुळे घरातल्या मुलांना सुट्टे परत घेण्याचा प्रसंगच येत नाही. क्यूआर कोड दाखवला, टुणकन आवाज आला, झालं. म्हणून आठवड्याच्या बाजाराला जाताना थोडी रोख बरोबर घ्या आणि कोथिंबीर-लिंबांचा व्यवहार मुलाच्या हाती द्या. परत आल्यावर त्याच व्यवहाराचं उदाहरण वहीत लिहायला सांगा. वर म्हटलेली गाठ घालायला एवढं पुरतं.

भागाकाराची सुरुवात तिसरीत होते. तिथं घाईघाईनं पाढ्याकडे न वळता दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवा. १२ पोळ्या ४ जणांत वाटल्या, प्रत्येकाला किती? आणि १२ पोळ्या आहेत, एकेकाला ४ दिल्या, तर किती जणांना पुरतील? दोन्हींचं उत्तर ३, पण पोळ्या वाटताना हात अगदी वेगळे फिरतात. एकदा चार ताटं मांडून वाटायला लावा, एकदा चार-चारच्या चळती करायला लावा. मग बाकी उरणारं घ्या. २३ लाडू, एका डब्यात ५ मावतात. पूर्ण भरलेले डबे किती? ४. सगळे लाडू ठेवायला किती डबे लागतील? ५. आकडे तेच, आकडेमोड तीच, उत्तरं दोन. उत्तर आकडेमोडीत नसून प्रश्नात आहे, हे कळायला याहून सोपं उदाहरण मला तरी माहीत नाही.

मुलाला जमायला लागलं की उदाहरणात एखादी बिनकामाची संख्या घाला. ‘सकाळी ७ वाजता सुटलेल्या एसटीत २५ प्रवासी होते. नारायणगावला ९ उतरले आणि ६ चढले. आता किती?’ सात घेणारं मूल अजून आकडे गोळा करतंय, गोष्ट वाचत नाही. उत्तर २२ आलं तर शाबासकी द्या आणि विचारा, सातचं काय केलंस? कधी प्रश्नच झाकून ठेवा: ‘आईनं २० रुपयांची कोथिंबीर आणि ३० रुपयांचे टोमॅटो घेतले, १०० ची नोट दिली.’ यावर काय काय विचारता येईल? मुलं एकूण किती, परत किती, टोमॅटो कितीनं महाग, इतकं तर विचारतातच; एखादं विचारतं, ‘राहिलेल्या पैशांत आइस्क्रीम येईल का?’ हाही गणिताचाच प्रश्न आहे.

जॉर्ज पोल्या या गणितज्ञानं १९४५ साली उदाहरण सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: समजून घ्या, योजना करा, ती पार पाडा, मागे वळून बघा. त्यांचा तक्ता करून दुसरीच्या वर्गात लावण्यात काही अर्थ नाही, तो मोठ्यांनी ध्यानात ठेवावा. त्यातली शेवटची पायरी मात्र आपल्याकडे पूर्वीपासून आहे, तिला आपण ताळा म्हणतो. फक्त आपण आकडेमोडीचा ताळा घेतो, गोष्टीचा घेत नाही. उत्तर परत गोष्टीत घालून वाचायला सांगा: “अन्वरकडे १३ बोरं होती, ५ ताईला दिली, ८ उरली. बरोबर लागतंय का?” वाचतानाच चूक कानाला खटकते.

बसायचं किती वेळ? दिवसाला एक उदाहरण, दहा-पंधरा मिनिटं. रोज वीस वजाबाक्यांचं पान भरून घेण्यापेक्षा हे बरं. मूल अडलं की लगेच बोलू नका. आपल्याला ती शांतता फार लांब वाटते, मुलाला तेवढी लागते. पेन्सिल त्याच्या हातातून काढून घेऊ नका. उत्तर बरोबर आलं तरी “कसं काढलंस?” विचारा, नाहीतर हा प्रश्न म्हणजे चूक झाल्याची खूण असं मुलं समजून चालतात.

आणि शिक्षकांना एक विनंती. शाब्दिक उदाहरणं धड्याच्या नावाखाली न देता मिसळून द्या, आणि पेपर तपासताना काढलेल्या चित्रालाही गुण ठेवा. पालकांनाही सांगणं एवढंच की वहीत गोल, रेघा, पट्ट्या, खाडाखोड दिसली तर ‘नीटनेटकी मांडणी कर’ म्हणून खोडरबर पुढे करू नका. मुलानं काय विचार केला हे शिक्षकांना त्याच पानावरून कळणार आहे. ते पान तसंच शाळेत जाऊ द्या.